थंड देशात राहायला जाणार असाल तर आधी मालवण बाजारातल्या काकींच्या दुकानात जाऊन या

स्टार विचाराल तर मी साडेचार देते, अर्धा का कापला ते पुढे येईलच. दुकानाला नाव नाहीये. पूर्वी पाटी होती म्हणतात, एका पावसाळ्यात वाऱ्याने गेली आणि परत कुणी लावली नाही, आता सगळे काकींचं दुकान एवढंच म्हणतात. भरड नाक्यावरून बाजारपेठेत खाली उतरायला लागलात की कुणालाही विचारा, मसाल्याचा वास येईपर्यंत चालत राहा. मसाले, कोकम, कुळीथ, सुकी मासळी, खाजं, काजू, आंबापोळी, असं मालवणात दहा दुकानांत मिळतं तेच सगळं इथेही मिळतं. मग एवढं लिहायचं कारण काय, तर बाहेरगावी कायमचं राहायला निघालेल्या माणसाला काय न्यावं आणि काय नेऊ नये हे जे काकींना कळतं ते मला आत्तापर्यंत दुसऱ्या कुठल्याही दुकानात, कुठल्याही एजंटकडे आणि खरं सांगायचं तर कुठल्याही नातेवाईकाकडे दिसलं नाही.

आम्ही धुरीवाड्यातले. नवऱ्याचं काम टेलिकॉममधलं, त्यातून फिनलंडमध्ये ओउलूला बदली आली. फिनलंड म्हटलं की लोक हेलसिंकी धरतात, ओउलू तिथून बरंच वर आहे, ६५ अक्षांशावर, आपलं मालवण १६ वर. म्हणजे डिसेंबरात सूर्य साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दोन वाजून गेले की मावळतो, आणि मधल्या वेळातही तो डोक्यावर येत नाही, झाडांच्या शेंड्यांवरून सरकत जातो एवढंच. आयुष्यात सगळ्यात जास्त थंडी आम्ही आंबोलीला बघितलेली. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

निघायच्या आधी महिनाभर घरात नुसती खरेदी. शहरातल्या एका मोठ्या दुकानातून तिघांची जॅकेटं घेतली, तिथल्या मुलाने छातीवर हात ठेवून सांगितलं की मॅडम उणे वीसपर्यंत काही होणार नाही, आणि आम्ही विश्वास ठेवला कारण आम्हाला उणे वीस म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. कॉटनच्या आतल्या बंड्या सहा-सहा, सासूबाईंनी विणलेले स्वेटर, कानटोप्या, ब्लँकेट सुद्धा. माणशी २३ किलोच्या बॅगा कपड्यांनीच भरत आल्या होत्या. आणि शेवटच्या आठवड्यात मसाला न्यायचा म्हणून आईबरोबर काकींकडे गेले.

काकींनी मसाल्याचं विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "खंय चल्लंस गो?" मी सांगितलं. मग थंडी किती, दुकानं आहेत का, घरात चूल कसली, लेकरू आहे का, असं सगळं विचारून झालं आणि मी स्वेटरचं बोलले तेव्हा म्हणाल्या, "ह्यां सगळां हयसून कित्याक व्हरतंस? थंयचे लोक काय उघडे फिरतत? जा थंय गावता ता थंयच घे, गावणा नाय ता माझ्याकडसून व्हर." म्हणजे तिथे मिळतं ते तिथेच घे, मिळत नाही ते माझ्याकडून ने. आईला तेव्हा वाटलं की बाई आपला माल खपवायला बोलतेय. मलाही थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण ते वाक्य तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारीत, अक्षरशः आठवलं. उणे पंचवीस, बसस्टॉप, आणि आपलं ते मोठ्या दुकानातलं जॅकेट. कमरेपर्यंतच होतं, त्यामुळे मांड्या सुन्न झाल्या, चेनचा खटका ओढताना तुटून हातात आला आणि वारा आत शिरला. चालून चालून आतल्या कॉटनच्या बंडीला घाम आला होता, तो बस येईपर्यंत अंगावरच गार झाला. तिथले लोक कॉटन अंगाला लावतच नाहीत, आत मेंढीच्या लोकरीचं पातळ, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं लांब जाकीट, आणि ते सगळं तिथे सेकंडहँड दुकानांत चांगल्या स्थितीत मिळतं, किर्प्पुतोरी म्हणतात त्यांना. मुलीचा अंगभर एकसंध बर्फाचा सूट तिथूनच घेतला, वापरलेला होता पण एक टाका उसवलेला नव्हता. इथून कपड्यांवर जो पैसा आणि जे वजन घातलं ते जवळजवळ सगळं वाया गेलं, फक्त सासूबाईंचे स्वेटर घरात घालतो. घर मात्र गरम असतं हां, २१ डिग्री, सगळ्या शहराला पाइपातून गरम पाणी येतं आणि खिडक्यांना तीन-तीन काचा. कुडकुडत घरात बसायचं वगैरे काही नाही. हे कुणी आधी सांगितलं असतं तर ती ब्लँकेटं नेली नसती.

आता काकींची वही. गल्ल्याखाली एक लांबडी वही असते, पानापानावर देशाचं नाव. दुबई, कतार, लंडन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. मालवण-वेंगुर्ल्याची किती पोरं बोटीवर आणि आखातात आहेत तुम्हाला माहीतच आहे, ती सुट्टीला आली की काकी विचारतात कस्टमने काय पकडलं, काय सोडलं, आणि लिहून ठेवतात. त्यामुळे आखातात जाणाऱ्याला त्या नेहमीचा मसाला देतच नाहीत, खसखस न घातलेला वेगळा डबा असतो, कारण तिकडे खसखस हा अमली पदार्थ धरतात आणि माणूस थेट तुरुंगात जाऊ शकतो. हे साधं कुणाला सुचत नाही. सुकं खोबरंही त्या विमानाने जाणाऱ्याला देत नाहीत, त्यात तेल असतं, पेट घेतं म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही, विमानतळावर काढून ठेवायला लावतात.

युरोपचं पान तेव्हा लंडनपुरतं होतं पण आधीच्या कुणीतरी जर्मनीचं सांगितलेलं त्यात होतं आणि त्यावरून त्यांनी मला तीन गोष्टी ठाम सांगितल्या. तूप नको, पेढे-खवा काही नको, मटणाचं सुकं काही नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-मांसाचं काही आणता येत नाही, बॅगेतून नाही आणि पार्सलमधूनही नाही. मासळीला मात्र मुभा आहे, माणशी २० किलोपर्यंत, सुकट, सोडे, बोंबील सगळं त्यात बसतं. आणि फळांना सर्टिफिकेट लागतं, म्हणजे हापूसची पेटी उचलून नेता येत नाही, पण पाच फळं त्यातून सोडलीत, केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ. नारळ! कोकणी माणसासाठी मुद्दाम नियम केल्यासारखं वाटतं ना. आईने दिलेली तुपाची बरणी मी काकींच्या सांगण्यावरून घरी ठेवली, आई रुसली होती. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला भारतातून पार्सल आलं त्यात घरचं तूप होतं, कस्टममध्ये अडकलं, ते तूप काही मिळालं नाही. तिथलं लोणी इतकं छान आहे की मी घरीच कढवते, बेरीसकट.

तर काकींनी काय दिलं ते सांगते. मालवणी मसाला दोन किलो, कोकमाची सोलं, आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट रस, तिरफळं, कुळथाचं पीठ, सोडे, आणि शेंडी ठेवलेले दोन नारळ. आणि मी न मागता एक वर्तमानपत्रात गुंडाळलेला गोळा, कोकमतेलाचा.

या गोळ्याबद्दल सविस्तर लिहायचंय कारण नवीन पिढीला हे माहीतच नाही. आम्ही घरात मुठेल म्हणायचो. कोकमाच्या बिया सुकवून, कुटून, पाण्यात उकळतात, वर जी चरबी येते ती थंड होताना मुठीत वळतात, म्हणून गोळ्यावर बोटांचे ठसे असतात. रंग जुन्या मेणबत्तीसारखा, नखाने ओरखडलं तर भुगा पडतो, वास जवळजवळ नाही. आजी पायाच्या भेगांना लावायची, समईवर पळी धरून वितळवायची. मला वाटलं काकी उगाच देतात, नेऊन कपाटात टाकला.

बाहेर उणे पंचवीस आणि आत हीटर, म्हणजे घरातली हवा पार कोरडी होते. आपण दमट हवेत वाढलेली माणसं, अंगाला ती ओल मिळण्याची सवय, ती एकदम बंद. डिसेंबर संपेपर्यंत माझ्या बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या, भांडी घासताना रक्त यायचं, मुलीच्या कोपरांवर खरखरीत चकंदळं. खोबरेल तेल लावायला गेले तर बाटलीत दगड, कारण खोबरेल २४ डिग्रीच्या खाली गोठतं आणि तिथे घरातसुद्धा तेवढं तापमान नसतं. एका रात्री तो गोळा आठवला. चमच्याने थोडा खरवडला, तळहातावर घेतला, आणि तो अंगाच्या उबेनेच हळूहळू मऊ पडला, पेरांवर चोळला, वर जुने सुती मोजे हातात घालून झोपले. काकी म्हणाल्याच होत्या, "रातीक लावन नीज." चार रात्रींत चिरा मिटल्या. फार्मसीतलं मलमही चांगलंच असतं, त्याला नावं ठेवत नाही, पण मुलगी त्याला रडायची, झोंबतं म्हणून, याला कधी रडली नाही. एक नीट सांगते, हे रात्रीसाठी. बाहेर जाताना तोंडाला तेल-मलम फासलं की थंडी लागत नाही असं समजू नका, मुलीच्या बालवाडीतल्या बाईंनी आम्हाला मुद्दाम सांगितलं की गाल झाकायला कापडच पाहिजे. तिथे मुलांना उणे दहातही अंगणात खेळायला सोडतात, तान्ही बाळं बाबागाडीत बाहेर झोपवतात, पहिल्यांदा बघून माझ्या पोटात गोळा आला होता.

बाकी वस्तूंचं थोडक्यात. मसाला उत्तम, वर्षभर रंग आणि वास दोन्ही टिकले, तीन पदरी पिशवीत हवा काढून देतात त्याचा फरक पडतो. कुळथाच्या पिठाला तर मी तिथला सूर्य म्हणेन. दुपारी तीनला बाहेर काळोख, रस्त्यावर कुणी नाही, मुलगी शाळेतून येऊन बर्फाचे बूट काढतेय, आणि गॅस नसला तरी शेगडीवर पिठी रटरटतेय, लसणीची फोडणी, वर कोकम. तिथे भाताच्या खिरीसाठी एक गोल तांदूळ मिळतो त्याची पेज आपल्या उकड्याइतकी नाही पण जवळपास जाते, पिठी-पेज खाल्ली की मग मन जरा जागेवर येतं. आणि मासे. सामन सगळीकडे आहे पण मला आवडला तो मुइक्कू, आपल्या पेडव्याएवढा छोटा मासा, तिथले लोक राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात. मी आगळ लावून मसाल्यात घोळवते. खाजं मात्र घेऊ नका, म्हणजे चवीला फक्कड आहे, पण तिथल्या कोरड्या हवेत दात लावायची सोय राहत नाही इतकं कडक होतं. सोड्यांचा वास बंद फ्लॅटमध्ये दोन दिवस जात नाही, कपडे आधी दुसऱ्या खोलीत ठेवा.

एकटेपणाचं पण लिहायलाच हवं कारण त्यासाठीच मला हे दुकान महत्त्वाचं वाटतं. मालवणात बाजाराला निघालं तर दहा मिनिटांचा रस्ता पाऊण तासाचा होतो. मासेवाली ओरडते, मशिदीकडचे काका हात करतात, चर्चकडची शाळेतली मैत्रीण भेटते, कुणी मालवणीत, कुणी उर्दू मिसळून, कुणी कोकणीत, हॉटेलातली नेपाळी पोरंसुद्धा आता मालवणी बोलतात. ओउलूत सुरुवातीला अख्ख्या बसमध्ये सावळं माणूस मी एकटी असायचे. कुणी वाईट वागलं असं एकदाही झालं नाही. पण कुणी बोललंच नाही. शेजारची सीट रिकामी असली तरी लोक उभे राहतात, आणि मला महिनाभर वाटत होतं माझ्यामुळेच, नंतर बघितलं तर ते एकमेकांच्या शेजारीही बसत नाहीत. भाषेत नामाला पंधरा विभक्ती, शिकायला बसले की डोकं गरगरतं. भारतीय आहेत, टेलिकॉममुळे बरेच आहेत, मराठी घरं आम्हाला माहीत असलेली मोजून चार. आशियाई किराण्यात तूरडाळ मिळते, बासमती मिळतो, गोठवलेलं खोबरं मिळतं. कोकम विचारलं तर त्यांनी मला चिंच दिली.

आणि समुद्र. ओउलू समुद्रकाठचं शहर आहे म्हणून मी मनात धरून बसले होते की निदान तेवढं तरी ओळखीचं असेल. त्या समुद्राला खारा वासच नाही, बाल्टिकचं पाणी फार कमी खारट, आणि डिसेंबरनंतर तो गोठतो. गोठतो म्हणजे लोक त्यावर स्की करतात, समोरच्या हायलुओतो बेटापर्यंत कडक हिवाळ्यात बर्फावरून गाड्यांचा रस्ता काढायचे. आपल्याकडे पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, आणि तिथे समुद्र थांबला की बेटाला रस्ता मिळायचा. त्या बर्फावर उभी राहून मी आईला व्हिडिओ कॉल केला, आई म्हणाली लाटेचा आवाज कुठेय, आणि मला पुढे बोलता आलं नाही.

तिथल्या पहिल्या वर्षी सप्टेंबरात गणपती आणला. गणपती म्हणजे शाडूची छोटी मूर्ती, आम्ही बॅगेतून नेलेली. काकींनी दिलेल्या नारळांपैकी एक मी तेवढ्यासाठी अकरा महिने जपला होता, आत पाणी वाजत नव्हतं, पण शेंडी शाबूत होती, कलशावर ठेवला. चार मराठी घरं, दोन तेलुगू, आणि खालच्या मजल्यावरच्या फिनिश आजी, ज्यांच्याशी अकरा महिन्यांत फक्त मान हलवायची ओळख होती, त्या सोलकढी दोनदा मागून प्यायल्या. आता लिफ्टमध्ये बोलतात.

अर्धा स्टार का कापला. पहिलं म्हणजे आगळ. पहिल्या खेपेला साध्या बाटलीत दिलं, वरून नुसती प्लास्टिकची पिशवी, ते बॅगेत फुटलं आणि नवऱ्याचे दोन पांढरे शर्ट आणि मुलीची उशी कायमची जांभळी झाली. दुसऱ्या वर्षी तक्रार केली तर काकींनी वाद घातला नाही, बाटली बदलली, झाकणाला मेण लावलं, दोन पिशव्या घातल्या आणि एक बाटली पैसे न घेता दिली. दुसरं, पुड्यांवर नुसतं मराठीत हाताने लिहिलेलं असतं. हेलसिंकीला आमची बॅग उघडली तेव्हा एकेक पुडी काय ते तोंडी सांगावं लागलं, कोकमाला इंग्रजीत काय म्हणतात ते माझ्या तोंडातच येईना. नारळ त्यांनी हातात घेऊन फिरवला आणि परत दिला. तेव्हा इंग्रजी यादी घरूनच छापून न्या, दुकानात ती सोय अजून नाही. तिसरं, दुपारी एक ते चार बंद, गणपतीत बंद, आणि फोन कधीच उचलत नाहीत. पार्सलने पाठवतात, पण मी सांगेन तुम्ही बॅगेतूनच न्या, युरोपात बाहेरून आलेल्या विकतच्या पार्सलवर पहिल्या युरोपासून टॅक्स लागतो, घरच्या माणसाने भेट म्हणून पाठवलं तरी ४५ युरोपर्यंतच सूट, आणि कुरिअरचा खर्च मालाहून जास्त जातो. भाव इतर दुकानांपेक्षा थोडा चढा आहे, मला त्याचं काही वाटत नाही.

तुमच्याही घरी कुणी निघालं असेल, कॅनडा, नॉर्वे, कुठेही, तर कपड्यांच्या खरेदीआधी तिथे पाठवा. सकाळी दहा-साडेदहाला जा, गर्दी नसते, काकींना बोलायला वेळ असतो. मसाला मागू नका, आधी देशाचं नाव सांगा. कोकमतेल समोर मांडलेलं नसतं, मागावं लागतं, आणि उन्हाळ्यात कोकमं झाल्यावर लगेच गेलात तर ताजं मिळतं, दिवाळीपर्यंत बहुतेक संपलेलं असतं.

या मे महिन्यात गेले तेव्हा काकींनी सामान बांधायच्या आधी वही काढून माझ्यापुढे टाकली. "फिनलंडचा पान रिकामा आसा, आता तूच भर." स्टुलावर बसून अर्धा तास लिहिलं. कपडे नेऊ नका, ब्लँकेट नको, तूप नको, खाजं नको. अंधारात चालताना कोटाला चमकणारी पट्टी लागते, तिथे कायदाच आहे, ती तिथेच घ्या. सोडे चालतात. कोकमतेल एक नाही, दोन गोळे. नारळ चालतो, शेंडीसकट.